नव्या स्मार्टफोन-प्रणालीस बलाढ्य यंत्र हवेच काय?

आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस क्रिकेटच्या खालोखाल जर कोणता विषय प्रिय असेल तर तो स्मार्टफोनचा होय. कोणत्या फोनात किती रॅम आहे, कोणाचा प्रोसेसर किती गीगाहर्ट्झचा आहे, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, ही सर्व आकडेवारी ज्यांस एकोणिसाचा पाढा धड येत नाही तेही बिनचूक सांगतात. सांप्रत जगातील बहुतेक सर्व स्मार्टफोनांवर दोनच प्रणालींचे राज्य आहे. एक गूगलची अँड्रॉइड व दुसरी ॲपलची आयओएस. ह्यांच्या जोडीस तिसरी प्रणाली कोणी आणू म्हणेल तर त्याने काय करावे, असे विचारले असता मुलांचे उत्तर तयार असते : त्याने सर्वांत बलाढ्य फोन बनवावा, म्हणजे लोक आपोआप येतील. हे उत्तर तरुणपणास शोभणारे आहे खरे. परंतु गेल्या अठरा-वीस वर्षांचा इतिहास पाहिला तर तो त्यास दुजोरा देत नाही.

हा प्रश्न केवळ कारखानदारांचा आहे, आपणांस त्याचे काय, असे पालकांस वाटण्याचा संभव आहे. पण तसे नाही. प्रणाली बुडाली म्हणजे कंपनी आपल्या वह्यांत तोटा लिहून मोकळी होते. ज्याने तो फोन पदरचे पैसे खर्चून घेतला त्याच्या हाती मात्र निरुपयोगी वस्तू उरते. सन २०२० मध्ये शाळा बंद पडून अभ्यास फोनवर आला, तेव्हा कित्येक घरी हातउसने पैसे काढून पहिला स्मार्टफोन आला. अशा घरी फोन दर वर्षी बदलता येत नाही. तेव्हा कोणती प्रणाली जगते व कोणती मरते, आणि ती कशामुळे, हे समजून घेणे अगदीच अनाठायी होणार नाही.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट पाहू. फोन हाती घेतला म्हणजे जी वस्तू आपणांस दिसते, म्हणजे काच, कॅमेरा, बॅटरी आणि आतील बारीक चिपा, ती झाली यंत्रसामग्री. तिच्याकडून कामे करवून घेणारा जो अदृश्य कारभारी, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम अथवा प्रणाली म्हणतात. प्रोसेसर म्हणजे ह्या कारभाऱ्याच्या हाताचा वेग. रॅम म्हणजे काम करतेवेळी त्याच्यापुढे असलेले मेज. मेज लहान असेल तर एक कागद उचलल्याखेरीज दुसरा ठेवता येत नाही, आणि काम रेंगाळते. ह्या कारभाऱ्याच्या परवानगीने त्या वाड्यात राहून धंदा करणारे जे बाहेरचे लोक, ती ॲप्स. निरोप पाठविणे, पैसे देणे, आगगाडीचे तिकीट काढणे ही कामे कारभारी स्वतः करीत नाही. ती ॲप्स करतात.

आता आयफोनापासून आरंभ करू, कारण बलाढ्य यंत्राच्या पक्षाचे लोक त्याचेच उदाहरण पुढे करतात. स्टीव्ह जॉब्स ह्यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो प्रथम दाखविला व त्याच वर्षी २९ जून रोजी तो विक्रीस आला. त्याचा प्रोसेसर सुमारे ४१२ मेगाहर्ट्झच्या वेगाने चाले व रॅम १२८ मेगाबाइट होती. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा; त्याने चलच्चित्र घेता येत नसे. त्या काळी प्रगत देशांत रूढ होत असलेले थ्री-जी जाळे त्यास वापरता येत नव्हते, आणि जीपीएसही नव्हते. त्याच वर्षी बाजारात आलेल्या नोकियाच्या एन-९५ ह्या फोनात ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, थ्री-जी व जीपीएस ही तिन्ही होती. दोन्हींची कोष्टके शेजारी शेजारी मांडली असती तर आमच्या मुलांनी एकमुखाने नोकियाची निवड केली असती!

मग आयफोन जिंकला कसा? त्याने एकच मोठे वचन दिले होते : काचेवर बोट ठेवा, आणि बोटाखालचे चित्र बोटाबरोबर हलेल. ते वचन पाळण्यासाठी जे लागते, म्हणजे बोटाचा नुसता स्पर्श ओळखणारी उत्तम काच व चित्र झरझर हलविण्याची शक्ती, तेथे ॲपलने हात आखडला नाही. अन्यत्र मात्र काटकसर केली. एकाच वेळी अनेक बाहेरची ॲप्स चालू ठेवण्याची मुभा आयफोनास २०१० पर्यंत नव्हती. मेज लहान होते, म्हणून त्यावर कागदच थोडे ठेवू दिले. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण एवढ्या मोठ्या कंपनीने इतकी तंतोतंत पाळलेली क्वचितच आढळेल. आणि बाहेरच्यांसाठी ॲपचे दुकान उघडले ते जुलै २००८ मध्ये. प्रथम त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. आयफोनाची खरी भरभराट त्यानंतरची आहे.

अँड्रॉइडचा पहिला फोन ह्याहूनही साधा होता. तैवानच्या एचटीसी कंपनीने बनविलेला हा फोन अमेरिकेत टी-मोबाइल जी-१ ह्या नावाने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीस आला. प्रोसेसर ५२८ मेगाहर्ट्झचा, रॅम १९२ मेगाबाइट, आणि पडद्याखालून सरकून बाहेर येणारा टंकफलक. दिसण्यात तो ओबडधोबडच होता. त्या फोनाकडे पाहून ही प्रणाली पुढे जगाच्या बाजाराचा मोठा भाग व्यापील असे भविष्य कोणी सहसा केले नसते. परंतु गूगलने प्रणाली कोणाही कारखानदारास विनामूल्य देऊ केली. त्यापूर्वीच, नोव्हेंबर २००७ मध्ये, कारखानदार, चिपा बनविणारे व जाळे चालविणारे मिळून ३४ कंपन्यांचा संघ त्याने उभा केला होता. त्यामुळे थोड्याच वर्षांत महाग, मध्यम व स्वस्त अशा सर्व किमतींचे अँड्रॉइड फोन निघाले. २०१३ मध्ये तर अवघ्या ५१२ मेगाबाइट रॅमवरही प्रणाली सुरळीत चालावी म्हणून गूगलने तिची मुद्दाम छाटणी केली. बलवान यंत्राकडे जाण्याऐवजी प्रणालीच दुबळ्या यंत्राकडे चालत गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हिंदुस्थानात ती घरोघरी पोचली त्याचे एक मोठे कारण हेच.

ह्याच्या उलट, यंत्र चांगले असूनही बुडालेल्या प्रणालींची यादी लांबलचक आहे. पाम नावाच्या कंपनीने जून २००९ मध्ये वेबओएस ही प्रणाली आणली. अनेक ॲप्स पत्त्यांच्या पानांप्रमाणे मांडून एकातून दुसऱ्यात जाण्याची तिची रीत इतकी सुबक होती की पुढे इतरांनीही ती उचलली. तरी धंदा चालेना. २०१० मध्ये एचपी कंपनीने सुमारे १२० कोटी डॉलर देऊन पाम विकत घेतली व पुढल्या वर्षी १ जुलैस टचपॅड हे पाटीवजा यंत्र विक्रीस आणले. दोन कोअरांचा प्रोसेसर, १ गीगाबाइट रॅम. कागदावर ते आपल्या काळच्या कोणत्याही यंत्राहून उणे नव्हते. तथापि प्रणाली त्यावर अडखळत चाले व ॲप्स थोडी. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे सात आठवडे भरताच, कंपनीने तो धंदा बंद केल्याचे जाहीर केले. उरलेला माल ९९ डॉलरांस काढला, तेव्हा मात्र दुकानांपुढे गर्दी लोटली. ह्या गर्दीत पुष्कळ शहाणपण होते असे मला वाटते : यंत्र लोकांस नकोसे नव्हते, त्या प्रणालीसाठी पूर्ण किंमत मोजावयास ते तयार नव्हते.

उबुंटूवाल्यांची कथा तर याहून विलक्षण. संगणकांवर चालणारी त्यांची प्रणाली विद्यार्थ्यांपैकी काहींनी पाहिली असेल. तिच्या चालकांनी २०१३ मध्ये उबुंटू एज नावाच्या एका फोनाची कल्पना लोकांपुढे मांडली : रॅम ४ गीगाबाइट, साठवण १२८ गीगाबाइट. त्या काळी हे आकडे अचाट होते. ३ कोटी २० लक्ष डॉलर वर्गणी जमल्यास फोन बनवू, असे जाहीर झाले. जमले सुमारे १ कोटी २८ लक्ष, आणि फोन कधी बनलाच नाही. पुढे त्याच प्रणालीचे काही साधे फोन निघाले, पण एप्रिल २०१७ मध्ये चालकांनी फोनांचा नाद सोडला.

परंतु सर्वांत बोधप्रद हकिकत मायक्रोसॉफ्टची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबतो. ह्या कंपनीपाशी पैसा अमाप, तज्ज्ञ असंख्य. २०१० मध्ये विंडोज फोन ही नवी प्रणाली काढतेवेळी तिने कारखानदारांस अट घातली की, १ गीगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम व ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा ह्यांहून कमी सामग्रीचा फोन ह्या प्रणालीवर चालणार नाही. हेतू चांगला होता. घेणाऱ्यास वाईट अनुभव येऊ नये. आणि खरोखरच ती प्रणाली मोठी चपळ होती. पण अटीमुळे फोन स्वस्त होईना, आणि स्वस्त अँड्रॉइड फोन तर सर्वत्र पसरू लागले. शेवटी २०१२ मध्ये कंपनीला ती अट सैल करावी लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपली जुनी सिंबियन प्रणाली मागे सारून मायक्रोसॉफ्टशी करार केला. २०१३ मध्ये नोकियाने ४१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा ल्युमिया १०२० काढला, ज्याच्या छायाचित्रांची वाहवा अजूनही जाणकार करतात. असे असता विंडोज फोनांत सर्वांत जास्त खपला तो कोणता? ल्युमिया ५२०, केवळ ५१२ मेगाबाइट रॅमचा आणि बेताच्या किमतीचा. ह्यावरून ह्या प्रणालीची बलस्थाने कोठे होती ते स्पष्ट दिसते. थोड्या सामग्रीत चांगले चालणे हाच तिचा खरा गुण होता.

मग ती का बुडाली? येथे आठवड्याच्या बाजाराचे उदाहरण घ्यावे. एखाद्या गावाने दगडी ओटे बांधले, पाण्याची सोय केली, वर पत्रे घातले. तरी शेजारच्या जुन्या बाजारगावी, चिखलात का होईना, गिऱ्हाईक जमते म्हणून बागवान, तांबोळी व कासार तेथेच जातात. आणि ते तेथे जातात म्हणून गिऱ्हाईकही तेथेच जाते. विंडोज फोनचे ओटे सुरेख होते, पण त्यांवर बसावयास व्यापारी येईनात. इन्स्टाग्राम तेथे आले ते २०१३ च्या अखेरीस, तेही कच्च्या स्वरूपात. गूगलने तर आपली ॲप्स बहुतांशी दिलीच नाहीत. मायक्रोसॉफ्टने यूट्यूबसाठी स्वतः बनविलेले ॲपही २०१३ मध्ये गूगलने अडविले. त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. जून २०१२ मध्ये प्रणालीची आठवी आवृत्ती जाहीर झाली, आणि आदल्या आवृत्तीचे फोन तीवर नेता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. ल्युमिया ९०० हा नोकियाचा उत्तम फोन अमेरिकेत विक्रीस येऊन तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते! जे थोडे गिऱ्हाईक विश्वासाने आले होते त्यांसच अशी वागणूक मिळाल्यावर ॲप बनविणाऱ्यांनी कोणाच्या भरवशावर ओटा मांडावा? एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोन-विभाग मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आला, आणि जुलै २०१५ मध्ये ह्या व्यवहारापायी सुमारे ७६० कोटी डॉलरांचा तोटा मायक्रोसॉफ्टने आपल्या हिशेबी लिहिला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग यंत्र जितके दुबळे तितके बरे! हे अनुमानही फसवे आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनविणाऱ्या मोझिला संस्थेने गरीब देशांतील लोकांसाठी फायरफॉक्स ओएस नावाची प्रणाली काढली; तिचा पहिला फोन जुलै २०१३ मध्ये स्पेन देशात विकला गेला. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये हिंदुस्थानात इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन अवघ्या १,९९९ रुपयांस मिळू लागला. हेतू स्तुत्य, किंमत आवाक्यातली. परंतु रॅम १२८ मेगाबाइट, आणि जाळे टू-जी. विशेष म्हणजे ह्या प्रणालीचा सारा डोलारा इंटरनेटच्या पानांप्रमाणे रचलेला होता. अशा रचनेस मेज मोठे लागते आणि जाळेही वेगवान लागते. दोन्ही नव्हती. बोट लावावे आणि वाट पाहात बसावे, अशी स्थिती झाली. त्यातच व्हॉट्सॲप त्यावर अधिकृतपणे आले नाही. आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवाचून स्मार्टफोन म्हणजे मीठ नसलेली भाजी. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने हे फोन विकण्याचा प्रयत्न थांबविल्याचे जाहीर केले.

गंमत अशी की, त्याच बीजापासून पुढे एक रोप चांगले वाढले. फायरफॉक्स ओएसची उघडी असलेली मूळ रचना घेऊन कायओएस ही प्रणाली तयार झाली, आणि २०१७ च्या जुलै महिन्यात रिलायन्सने जाहीर केलेल्या जिओफोनात ती बसविण्यात आली. स्पर्शाची काच नाही, जुनी बटणे. पडदा २·४ इंचांचा. रॅम ५१२ मेगाबाइट. आणि १,५०० रुपये परत मिळण्याजोगी अनामत. आयफोनाशेजारी ठेवला तर खेळणे वाटावे. पण वर्षभरातच, जुलै २०१८ मध्ये, त्याचे अडीच कोटींवर ग्राहक झाल्याचे कंपनीने सांगितले. गूगलनेही त्याच सुमारास कायओएसमध्ये २ कोटी २० लक्ष डॉलर गुंतविले.

पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा साधला, ह्याचे कारण रॅमच्या वाढीत थोडेसे आहे. बाकीचे अन्यत्र शोधावे लागते. इंटेक्सचा फोन स्वतःस स्मार्टफोन म्हणवीत असे, म्हणून लोक त्याची तुलना अँड्रॉइडशी करीत, आणि तीत तो हरे. जिओफोनाने बटणांच्या साध्या फोनाशी बरोबरी मांडली, आणि तेथे तो राजा ठरला. ज्या आजीबाई आजवर केवळ हिरवे व लाल बटण ओळखत होत्या त्यांस त्यावर भजने व नातवंडांची चित्रे दिसू लागली. शिवाय त्याच्यामागे सप्टेंबर २०१६ पासून चालू झालेले कंपनीचे स्वतःचे फोर-जी जाळे होते. बोलणे फुकट आणि डेटा स्वस्त. व्हॉट्सॲप प्रारंभी ह्याही फोनावर नव्हते. सप्टेंबर २०१८ मध्ये ते आले. कोट्यवधी गिऱ्हाईक एका ठिकाणी जमलेले पाहिल्यावर व्यापारी आपण होऊन ओटा शोधीत येतो, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. मात्र ह्या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच कंपनीने २०२१ च्या दिवाळीत स्पर्शाच्या काचेचा जिओफोन नेक्स्ट काढला तेव्हा त्यात कायओएस नव्हती. अँड्रॉइडचीच एक आवृत्ती घातली होती. आणि जून २०२४ मध्ये कायओएसच्या दुकानातून व्हॉट्सॲप नव्याने घेण्याची सोय बंद झाली.

अलीकडचे एक उदाहरण चीन देशातील आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ह्वावे कंपनीशी व्यापारावर निर्बंध घातले, त्यामुळे तिच्या नव्या फोनांवर गूगलची ॲप्स देता येईनात, आणि पुढे उत्तम चिपाही मिळेनाशा झाल्या. कंपनीने हार्मनी ओएस ही स्वतःची प्रणाली पुढे आणली. जून २०२१ पासून ती फोनांवर दिली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडची ॲप्स मुळीच न चालविणारी तिची आवृत्ती बाजारात आणली. मधल्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, तिने चीनमध्येच बनलेल्या चिपेचा फोन काढला. ती चिप तैवानात बनणाऱ्या अद्ययावत चिपांच्या मानाने मागल्या पिढीची होती. तरी फोन खपले. चीनमध्ये गूगलची ॲप्स आधीपासूनच चालत नव्हती, म्हणून ती गेल्याचे तेथील लोकांस दुःख नव्हते. आणि ह्वावेचे ग्राहक एवढे मोठे की चिनी ॲपवाल्यांस तेथे ओटा मांडणे भागच पडले. चीनबाहेर हेच बळ उपयोगी पडत नाही; आपल्या गावच्या बँकेचे ॲप चालत नसेल तर ह्वावेचा उत्तमातला उत्तम फोनही आपण घेणार नाही.

तेव्हा दुकानात गेल्यावर रॅम विचारू नये असे माझे म्हणणे नाही, खुशाल विचारावी. पण तिच्या आधी दोन गोष्टी विचाराव्या. आपणांस रोज लागणारी पाच-सहा ॲप्स ह्या फोनावर आज चालतात काय, आणि प्रणालीच्या सुधारलेल्या आवृत्त्या व सुरक्षेची दुरुस्ती कंपनी किती वर्षे पुरविणार आहे? पुष्कळ कंपन्या आता हा वर्षांचा आकडा उघडपणे छापतात. नसेल छापला तर तेही एक उत्तरच समजावे. नव्या प्रणालीचा पहिला फोन घेणे तर ज्याच्या घरी दुसरा चालता फोन आहे त्यानेच करावे.

विंडोज फोन घेतलेल्या लोकांचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्यांचे फोन मोडले नव्हते. काच शाबूत होती, बॅटरी चालत होती, आणि ल्युमिया १०२० तर अजून सुंदर छायाचित्रे काढीत होता. ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्यांवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले, आणि काढलेले छायाचित्र त्या वाटेने घरी पाठविण्याची सोय उरली नाही.